अतिशीत तापमानातील प्रकाशीय सूक्ष्मदर्शन : पेशीतील रेणूंचा वेध

प्रस्तावना : प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला विवर्तनाची मर्यादा असते, हे अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्यात वेगळे दिसत नाहीत. प्रथिनाचा रेणू मात्र अवघ्या काही नॅनोमीटरचा असतो. ही मर्यादा ओलांडण्याच्या तंत्रांसाठी बेट्झिग, हेल व मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तत्त्व : रेणूंना प्रतिदीप्त रंगद्रव्य जोडून ते एकेक करून उजळविले जातात. प्रत्येकाची प्रतिमा पसरट ठिपक्याची असली, तरी त्या ठिपक्याचा मध्य अचूक काढता येतो. फोटॉनांची संख्या चौपट झाल्यास स्थानातील त्रुटी निम्मी होते. परंतु सामान्य तापमानास रंगद्रव्य प्रकाशरासायनिक क्रियांमुळे लवकर निकामी होते. द्रवरूप नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानास या क्रिया मंदावतात व प्रत्येक रेणूपासून कितीतरी अधिक फोटॉन मिळतात. मोर्नर व काडोर यांनी १९८९ मध्ये एकट्या रेणूचा पहिला प्रकाशीय वेध घेतला, तोही द्रवरूप हेलियमच्या तापमानासच.

नमुन्याची सिद्धता : रासायनिक स्थिरीकरणाने पेशीची सूक्ष्म रचना बदलू शकते. मग दिसते ते पेशीचे वास्तव की प्रक्रियेचा परिणाम, हा प्रश्न उरतो. सावकाश गोठविल्यास बर्फाचे स्फटिक पेशी विदीर्ण करतात. अतिवेगाने गोठविल्यास मात्र पाणी काचरूप होते व रचना जशीच्या तशी राहते. हे तंत्र झाक द्युबोशे यांनी १९८० च्या दशकात विकसित केले. तोच नमुना पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. प्रथिन कोणते हे प्रकाश सांगतो, तर ते कोणत्या रचनेत आहे हे इलेक्ट्रॉन सांगतात. अमेरिकेतील जनेलिया संशोधन संकुलातील गटाने २०२० मध्ये संपूर्ण पेशींवर असा संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला.

मर्यादा : लेसरच्या उष्णतेने तापमान सुमारे उणे १४० अंशांच्या वर गेल्यास काचरूप बर्फ स्फटिकरूप होऊ लागते. तेल गोठत असल्याने तैलनिमज्जित भिंग वापरता येत नाही. रंगद्रव्यांची उघडझापही मंदावते, त्यामुळे चित्रणास अधिक वेळ लागतो.

समारोप : गोठलेली पेशी एका क्षणाचेच चित्र देते, हालचाल पाहण्यासाठी जिवंत पेशीच हवी. म्हणून ही पद्धत अन्य पद्धतींना पर्याय नसून पूरक आहे. गतीचा त्याग करून ती रचनेची विश्वासार्हता मिळविते, हेच तिचे खरे मोल होय.