डेमॉनिक रेझरेक्शन: वादक बदलले, रिफ टिकले

डेमॉनिक रेझरेक्शन हा मुंबईचा हेवी मेटल बँड साहिल मखिजाने 2000 साली सुरू केला. गायक, गिटारवादक आणि मुख्य गीतकार तोच. ‘डेमॉनस्टीलर’ हे त्याचे टोपणनाव, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या अल्बमचेही नाव तेच. तेव्हापासून बँडमधली इतर माणसे बदलत गेली.

मेटलमधले गाणे बहुधा शब्दांपासून नव्हे, तर रिफपासून उभे राहते. गिटारवर फिरून फिरून येणारा छोटा स्वरसमूह म्हणजे रिफ. तो ठरला की ड्रमर वेग बांधतो, बेस खालून आधार देतो, कीबोर्ड पोकळी भरतो आणि सोलोसाठी लीड गिटारला मोकळी जागा मिळते. ज्याच्या हाती रिफ, त्याच्याच हाती गाण्याचा सांगाडा. म्हणूनच वादक गेले तरी या बँडची ओळख पुसली नाही. बदलला तो अल्बमचा पोत.

पोतावर मोठा ठसा ड्रमरचा उमटतो. ब्लास्ट बीटमध्ये स्नेअर, सिंबल आणि बेस ड्रमचे ठोके इतक्या वेगाने पडतात की ते सुटे ऐकू येत नाहीत. पाय दमले की पूर्ण गाणे ढासळते. ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (2010) या अल्बमला वीरेंद्र कैथच्या वादनाने जी धार आली, ती ‘अ डार्कनेस डिसेंड्स’मध्ये (2005) नव्हती. मधल्या 2007च्या ‘बियाँड द डार्कनेस’सह ही त्रयी पूर्ण होते. 2010च्या अल्बमवर लीड गिटार डॅनियल रेगोची आणि कीबोर्ड मेफिस्टोचा. भव्य, सिंफनीसारखा विस्तार येतो तो या कीबोर्डमुळे. भारताबाहेर हा अल्बम कँडललाइट रेकॉर्ड्सने आणला आणि त्याच वर्षी बँडला ‘मेटल हॅमर’ मासिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार मिळाला.

‘द डेमन किंग’वर (2014) निशिथ हेगडेची गिटार आणि अश्विन श्रियानचा बेस आहे. बँडचा सर्वांत लक्षणीय बदल मात्र ‘दशावतार’मध्ये (2017) दिसतो. मेफिस्टो आता बँडमध्ये नाही, आणि मांडणीत भारतीय वाद्यांचे रंग मिसळले आहेत. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांची दहा गाणी आहेत आणि नववा अवतार बुद्ध आहे. मराठी श्रोत्याला कथा तोंडपाठ असल्याने इंग्रजी शब्द अडत नाहीत. लक्ष सरळ वाद्यांकडे जाते. गुरगुरता आणि सुरेल, असे दोन्ही आवाज मखिजाचेच असल्याने अवतार आणि असुर यांच्यातला सामना एकाच गळ्यातून ऐकू येतो.

मखिजाच्या एकल अल्बमांशी ताडून पाहिले की बँडचा वाटा नेमका कळतो. ‘धिस बर्डन इज माइन’वर (2016) ड्रम वाजवले ते ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियासने, जो अमेरिकी बँड ‘नाइल’मुळे ओळखला जातो. रिफ लिहिणारा हात तोच. तरी तो अल्बम ‘दशावतार’पेक्षा वेगळाच वाजतो.