कॅमोमाईल : आधी गुंठा, मग एकर

औषधी पिकांचा विषय निघाला की कॅमोमाईलचे नाव पुढे येते. युनानी औषधांत यास 'बाबुना' म्हणतात. शेवंतीच्या कुळातील हे हंगामी रोप मूळचे युरोपातील; आपल्या देशात त्याची लागवड लखनौ परिसरात रुजली. तेथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'वल्लरी' ही जात विकसित केली आहे. पीक वाढविणे अवघड नाही. फुले वेचणे व विकणे अवघड आहे.

जमीन व लागवड : थंड हवामान मानवणारे हे रब्बी पीक काहीशा चोपण जमिनीतही तग धरते, मात्र पाणी साचू देऊ नये. बी अतिशय बारीक असून उगवणीस उजेड लागतो. म्हणून ते मातीत गाडू नये. ऑक्टोबरात बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर पसरावे, हलके दाबावे व झारीने पाणी द्यावे. नोव्हेंबरात रोपांची 30 × 30 सें.मी. अंतरावर पुनर्लागवड करावी.

काढणी : फुले एकाच वेळी उमलत नाहीत, त्यामुळे 4-5 तोडे करावे लागतात. पांढऱ्या पाकळ्या आडव्या पसरल्या असताना फूल तोडावे. ढीग करून ठेवल्यास फुले तापून काळी पडतात. सावलीत पातळ थरात वाळवावीत. साधारणतः 5 किलो ओल्या फुलांपासून 1 किलो वाळलेली फुले मिळतात. वाळल्या फुलांपासून वाफेच्या साहाय्याने निळे सुगंधी तेल काढतात.

ओळख : फूल उभे चिरून पाहावे. जर्मन कॅमोमाईलचा मधला पिवळा भाग आतून पोकळ असतो. भरीव असल्यास ती दुसरी वनस्पती समजावी.

दक्षता : गाजर गवतही याच कुळातील आहे. त्याच्या स्पर्शाने ज्यांच्या अंगावर पुरळ उठते, त्यांनी ही फुले हाताळू नयेत व त्यांचा काढाही घेऊ नये. फुले झाडावरच पिकू दिल्यास बी गळून पुढील हंगामात तण माजते.

वेचणीची मजुरी हाच या पिकाचा मोठा खर्च आहे. म्हणून यंदा एकच गुंठा लावा. एक मजूर दिवसात किती फुले वेचतो, वाळून किती उरतात, याची नोंद ठेवा. खरेदीदाराला नमुना दाखवून भाव लेखी घ्या. एक किलो वाळल्या फुलांची मजुरी भावापेक्षा कमी भरली, तरच एकराचा विचार करावा.