२,२३८ प्रयोग आणि १५ गिनी

लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात ३१ ऑगस्ट १९१६ रोजी ‘चू चिन चाउ’ ही संगीतिका सुरू झाली आणि २२ जुलै १९२१ रोजी थांबली. प्रयोग झाले २,२३८. भागाकार केला तर आठवड्याला जवळजवळ नऊ प्रयोग पडतात. रविवारी लंडनची नाट्यगृहं बंद असत, म्हणजे सहा रात्री सहा खेळ आणि वर दोन-तीन दुपारचे. हा उच्चांक मोडायला १९५०च्या दशकातलं ‘सॅलड डेज’ यावं लागलं.

गोष्ट अलीबाबा आणि चाळीस चोरांची, लेखन ऑस्कर ॲशचं, संगीत फ्रेडरिक नॉर्टनचं. पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवरून रजेवर आलेल्या सैनिकांनी गर्दी केली, हे खरंच. १९१७च्या ‘द मेड ऑफ द माउंटन्स’चे १,३५२ प्रयोगही त्याच काळातले. पण सगळं श्रेय युद्धाला देता येत नाही. ‘अ चायनीज हनीमून’ने १९०१पासून १,०७५ प्रयोग केले होते, १९०७च्या ‘द मेरी विडो’ने ७७८ आणि १९०९च्या ‘द आर्केडियन्स’ने ८०९. एकच नाट्यगृह, एकच खेळ, तीच नटमंडळी रोज. नेपथ्य आणि पोशाखांवरचा खर्च एकदाच, वसुली रोजची. धंद्याची ही घडी युद्धाआधीच बसलेली होती.

याच्या शेजारी इंग्रज संगीतकार एल्गारच्या पहिल्या सिंफनीचा आकडा अगदी किरकोळ वाटेल. ३ डिसेंबर १९०८ रोजी मँचेस्टरमध्ये हान्स रिश्टरच्या संचालनाखाली ती प्रथम वाजली आणि वर्षभरात, थोड्या अधिक काळात म्हणू, तिचे सुमारे १०० प्रयोग झाले. मला मात्र ‘द आर्केडियन्स’च्या ८०९पेक्षा हे १०० मोठे वाटतात. सिंफनीला मुक्कामाचं नाट्यगृह नसतं. गाव बदललं की वाद्यवृंद नवा, तालमी नव्या, आणि ही रचना वाजवायचीच असं ठरवणारा संचालकही बहुधा नवा.

तालमीचा वेळ महाग होता आणि त्याची किंमत रचनेला मोजावी लागे. २७ ऑक्टोबर १९१९ला एल्गारच्या चेलो कॉन्चेर्तोचा पहिला प्रयोग क्वीन्स हॉलमध्ये झाला. कार्यक्रमातल्या इतर रचनांचा संचालक अल्बर्ट कोट्स याने तालमीचा बराचसा वेळ खाऊन टाकला, वादन विस्कटलं आणि आज जगभर वाजणारी ही रचना लंडनमध्ये पुन्हा ऐकू यायला वर्षाहून अधिक काळ गेला.

इंग्रजी ऑपेराचे हाल याहून वाईट. गुस्ताव होल्स्ट संस्कृत शिकला, महाभारतातल्या सावित्रीच्या कथेवर त्याने १९०८-०९मध्ये ‘सावित्री’ लिहिली. गायक तीन, वाद्यं मोजकी, अवधी अर्ध्या तासाचा. इतका आटोपशीर ऑपेराही १९१६पर्यंत मंचावर आला नाही. मग रटलंड बॉटनच्या ‘द इम्मॉर्टल अवर’ या इंग्रजी ऑपेराने १९२२पासून लंडनच्या रीजंट थिएटरात सलग २१६ प्रयोग कसे केले? तो नाटकासारखा लावला गेला, एकाच ठिकाणी, रोज. इंग्रज श्रोत्याला आपल्या भाषेतला ऑपेरा नको होता, हे म्हणणं या आकड्यापुढे टिकत नाही.

आता पैशांचं. लोकप्रिय संगीतिकेत प्रयोग वाढले की गल्ला वाढे. रचनाकाराला त्यातला वाटा मिळेलच असं मात्र नव्हतं. संगीतकार सॅम्युअल कोलरिज-टेलरने १८९८चं ‘हायावाथाज वेडिंग फीस्ट’ हे गायकवृंदासाठीचं काम प्रकाशकाला एकरकमी १५ गिनींना, म्हणजे १५ पौंड १५ शिलिंगांना, विकलं होतं. त्याच्या प्रती लाखांनी खपल्या, गावोगावच्या गायकवृंदांनी ते गायलं आणि त्यातला एक पैसाही त्याला मिळाला नाही. १९१२मध्ये, ३७व्या वर्षी तो गेला. त्याच्या कुटुंबाच्या हलाखीने संगीतकार हळहळले, आणि १९१४मध्ये ‘परफॉर्मिंग राइट सोसायटी’ उभी राहिली. जाहीर वादन-गायनाचं शुल्क वसूल करून ते रचनाकारापर्यंत पोचवणं हे तिचं काम.