स्टेपर मोटरच्या प्रोग्रॅममधील दोषशोधन : मोजणी आणि प्रत्यक्ष हालचाल

लहान प्लॉटर, ड्रिलिंग यंत्र किंवा त्रिमिती मुद्रक यांत सरकत्या भागाला नेमक्या जागी नेण्यासाठी स्टेपर मोटर वापरतात. प्रयोगशाळेत हा भाग चुकीच्या जागी थांबला की विद्यार्थी 'मोटर बिघडली' असे सांगतात. हे लक्षण नव्हे, हा निष्कर्ष झाला. उर्दू माध्यमाच्या वर्गात 'अलामत' आणि 'तश्खीस' या परिचित शब्दांनी हा फरक चटकन समजावता येतो. अलामत नोंदवल्याखेरीज तश्खीस केली, तर चांगली मोटर बदलली जाते आणि दोष प्रोग्रॅममध्येच राहतो.

मूळ तत्त्व : नेहमीच्या वापरातील स्टेपर मोटर एका पावलाला १.८ अंश फिरते, म्हणजे एका फेरीत २०० पावले होतात. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे १६ भाग केले, तर फेरीला ३२०० पल्स लागतात. एका फेरीत ५ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू जोडल्यास १ मिलिमीटरसाठी ६४० पल्स द्यावे लागतात. साध्या रचनेत मोटरीकडून प्रोग्रॅमकडे कोणतीही माहिती परत येत नाही. प्रोग्रॅम फक्त पाठवलेले पल्स मोजतो. मोटर खरोखर किती फिरली हे त्याला कळत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा : मोजणी चुकली की हालचाल? प्रोग्रॅमने काढलेली पल्ससंख्या पडद्यावर छापावी आणि प्रत्यक्ष अंतर व्हर्नियरने मोजावे.

मोजणीच चुकत असेल तर : समजा, ५० मिलिमीटरची आज्ञा बरोबर पाळली जाते, पण ६० मिलिमीटर सांगताच भाग उलट दिशेने धावतो. आर्डुइनो युनोवर 'इंट' प्रकारात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ६० × ६४० = ३८४०० ही संख्या तेथे −२७१३६ होते आणि भाग ४२.४ मिलिमीटर उलट सरकू लागतो. ५१ मिलिमीटरपर्यंत दोष दिसत नाही. ५२ पासून दिसतो. उत्तर साठवणारे चल 'लाँग' केल्याने भागत नाही, कारण गुणाकार आधीच 'इंट' प्रकारात झालेला असतो. गुणाकारातील एक तरी संख्या 'लाँग' असावी लागते. असा उलटा भाग यंत्राच्या टोकावर आदळू शकतो. चाचणीपूर्वी दोन्ही टोकांना लिमिट स्विच बसवणे इष्ट.

मोजणी बरोबर, हालचाल चूक असेल तर :

१) चूक अंतराच्या प्रमाणात असते. १०० ऐवजी ५० मिलिमीटर सरकल्यास पावलांचे विभाजन तपासावे. तिन्ही जंपर लावलेले असता ए-४९८८ ड्रायव्हर १६ भाग करतो, तर डीआरव्ही-८८२५ ड्रायव्हर ३२ भाग करतो. ड्रायव्हर बदलला आणि प्रोग्रॅम तसाच ठेवला, तर अंतर निम्मे होते.

२) चूक ठरावीक असते आणि दिशा बदलतानाच दिसते. येथे बहुधा स्क्रू व नट यांतील ढिलाई कारणीभूत असते.

३) चूक दर खेपेस वाढत जाते. पावले चुकत असल्याची ही खूण आहे. चुकलेली पावले साधारणतः चारच्या पटीत असतात, म्हणजे वरील स्क्रूवर ०.१ मिलिमीटरच्या पटीत. वेग निम्मा करून पाहावा. दोष नाहीसा झाला, तर प्रोग्रॅममध्ये वेग हळूहळू वाढवण्याची सोय करावी.

४) मोटर थरथरते, पण फिरत नाही. वायरींचा क्रम तपासावा. चार वायरींच्या मोटरीत एकाच गुंडाळीच्या दोन वायरी मीटरने ओळखता येतात. वीजपुरवठा बंद केल्याशिवाय मोटरची वायर काढू नये. ड्रायव्हर जळण्याचा धोका असतो.

अध्यापनासाठी सूचना : प्रयोगवहीत चार रकाने आखून घ्यावेत — सांगितलेले अंतर, छापलेली पल्ससंख्या, मोजलेले अंतर आणि केलेला बदल. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास दोष कशाने गेला हे कळत नाही. दुरुस्त यंत्राबरोबरच या नोंदींनाही गुण द्यावेत. मोटर बदलून यंत्र एखाद्या वेळी चालूही होईल; पण पुढच्या यंत्राचा दोष शोधताना विद्यार्थ्याला या नोंदींचीच सवय उपयोगी पडेल.