दोन फ्रेम्सच्या मधला हात

१९१२ साली दादरच्या एका घरात कुंडीत वाटाणे पेरले गेले. पेरणारे होते धुंडिराज गोविंद फाळके. फेब्रुवारीत ते लंडनला गेले होते आणि एप्रिलच्या सुरुवातीला विल्यमसन कंपनीचा पन्नास पौंडांचा कॅमेरा मागवून परतले होते. घरातलं किडूकमिडूक गहाण पडलेलं, डोळ्यांचं दुखणं नुकतंच सरलेलं. अशा वेळी हातात आलेल्या या यंत्रातून पैसा देणाऱ्यांना दाखवायला काय टिपायचं, तर ना राजा, ना देव, ना आगगाडी. मातीतून वर येणारा कोंब.

महिनाभर तो कॅमेरा कुंडीसमोर राहिला. बी रुजलं, कोंब फुटला, वेल चढला. तयार झाली मिनिटाहून थोडीशी मोठी फिल्म, ‘अंकुराची वाढ’. ती निवडक माणसांना दाखवल्यावर यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केलं आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला. ३ मे १९१३ ही तारीख आपण पाठ करतो, पण त्या तारखेच्या मुळाशी ही कुंडी आहे.

फाळके रोज एकच फ्रेम घेत होते असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. मला ते पटत नव्हतं म्हणून हिशोब मांडून पाहिला. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा, साधारण सेकंदाला दोन फेरे, आणि एका फेऱ्यात आठ चित्रं. म्हणजे सेकंदाला सोळा आणि मिनिटाला नऊशे साठ. रोज एक या हिशोबाने मिनिटभराच्या फिल्मला अडीच वर्षांहून जास्त लागतील, आणि वाटाण्याचा वेल तेवढा जगतच नाही. महिनाभरात नऊशे साठ चित्रं घ्यायची तर दिवसाला बत्तीस पडतात. रात्रंदिवस घेतली तर दर पाऊण तासाला एक, आणि फक्त उजेडाच्या बारा तासांत घेतली तर दर साडेबावीस मिनिटांनी एक. हा अंदाज माझा आहे. पण तो मांडल्यापासून मला त्या घरातला महिना वेगळाच दिसू लागला. जेवण, पूजा, मुलांची रडारड, येणारेजाणारे, आणि त्या सगळ्यातून पुन्हा पुन्हा कुंडीकडे जाणारी पावलं.

शास्त्राच्या भाषेत हे स्टॉप मोशन नव्हे, टाइम लॅप्स. वेल आपला आपण वाढतो. माणूस फक्त वेळ गाळून टाकतो. स्टॉप मोशनमध्ये समोरची वस्तू स्वतः तसूभरही हलत नाही. ती तुम्ही हलवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र टिपायचं, पुन्हा हलवायची. हात एकाही चित्रात नसतो आणि तरीही सगळी हालचाल हाताचीच असते. फाळक्यांच्या आधी मेलिएस या दिग्दर्शकाने फ्रान्समध्ये केलेली जादू आणखी वेगळी. कॅमेरा थांबवायचा, माणूस बाजूला काढायचा, पुन्हा सुरू करायचा, की पडद्यावर माणूस गायब. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत. आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते रंगमंचावर उभे राहत. हातचलाखीत बघणाऱ्याची नजर दुसरीकडे वळवून हात आपलं काम करतो. स्टॉप मोशनमध्ये हात काम करतो तेव्हा कॅमेऱ्याचा डोळाच मिटलेला असतो.

तीन वर्षांनी फाळक्यांनी ही पुढची पायरी गाठली. महायुद्ध सुरू झालं होतं. परदेशातून येणारी कच्ची फिल्म दुर्मीळ झाली होती आणि भांडवलदार सावध झाले होते. त्या काळात, १९१५ मध्ये, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. एमिल कोल या फ्रेंच कलावंताने १९०८ मध्येच काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. फाळक्यांनी आपल्या घरच्या काड्यांवर तोच प्रयोग केला. नाण्यांचा खेळ असलेला ‘लक्ष्मीचा गालिचा’ही त्याच वळणाचा. ‘आगकाड्यांची मौज’ची प्रत आज उरलेली नाही. भारतीय ॲनिमेशनचा इतिहास ज्या फिल्मपासून सांगायला सुरुवात करतात, ती आपल्यापैकी कुणीच पाहिलेली नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

म्हणून गेल्या मे महिन्यात नगरला, आईच्या घरी, भाचीला घेऊन मी काड्यापेटी उघडली. अहिल्यानगर हे नाव आता पाट्यांवर आलं आहे, पण घरात अजून सगळे नगरच म्हणतात. पाटावर काळा कागद चिकटवला. दोन स्टुलांवर फळी ठेवून तिच्या कडेला मोबाइल दोरीने बांधला, भिंग खाली पाटाकडे. बारा काड्या घेतल्या. सेकंदाला बारा चित्रं पुरतात, म्हणजे तीन सेकंदांना छत्तीस. सकाळी दहाला बसलो, छत्तिसावं चित्र झालं तेव्हा दीड वाजला होता.

पहिल्यांदा लावून पाहिलं तर काड्या चालत नव्हत्या, थरथरत होत्या. चूक अंतरात होती. प्रत्येक वेळी काडी सारखीच सरकवली की ती यंत्रासारखी सरपटते आणि एकदम थांबते. जिवंत वस्तू तशी निघत नाही. बैल गाडी ओढायला लागतो तेव्हा आधी जू ताणलं जातं, मग चाक किंचित कुरकुरतं, मग गती येते, आणि थांबतानाही ती हळूहळू ओसरते. म्हणून पहिल्या दोन-तीन चित्रांत काडी केसभर, मग गव्हाच्या दाण्याएवढी, मग दोन दाण्यांएवढी, आणि शेवटी पुन्हा केसभर. या कलेचं निम्मं व्याकरण एवढ्या अंतरात आहे. बाकीचं निम्मं उजेडात आहे.

“मावशी, तुझी सावली पडली.” भाचीने हे दिवसभरात किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. माझी सावली हा त्यातला सोपा भाग होता. खिडकीतलं ऊन साडेतीन तासांत पाटभर सरकलं होतं आणि तीन सेकंदांच्या फिल्ममध्ये ते विजेसारखं लकाकत गेलं. मोबाइल आपल्या हुशारीने दर चित्राला उजेड कमीजास्त करत होता. दुपारी व्होल्टेज पडलं तेव्हा दिवा मंदावला आणि काळा कागद करडा दिसू लागला. स्टुडिओत खिडक्या काळ्या कापडाने का बुजवतात, कॅमेऱ्याच्या सगळ्या सवयी बंद करून आकडे हाताने का बांधून ठेवतात, दिव्यांना स्थिर दाबाची वीज का देतात आणि ॲनिमेटर गडद कपडे का घालतात, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. ते त्या दुपारी कळलं. पांढऱ्या सदऱ्यावरून परावर्तित होणारा उजेडसुद्धा बाहुलीच्या गालावर पडतो.

मग फाळक्यांच्या घरातल्या आणखी एका कामाचं मोल लक्षात आलं. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रं न पाडलेली येई आणि कडेची भोकं अंधारात बसून यंत्रावर पाडावी लागत. सरस्वतीबाई फाळके हे काम शिकल्या होत्या. फिल्म धुणं, रसायनं मिसळणं हेही त्यांच्याकडे असे. भोक सुतभर जरी सरकलं तरी चित्र पडद्यावर उडी मारतं. धावत्या घोड्याच्या दृश्यात ती उडी खपून जाईल. पण कुंडी जागच्या जागी उभी आणि त्यातला कोंबच तेवढा वाढतोय असं दाखवायचं असेल, तर महिनाभरातली शेकडो चित्रं एकावर एक तंतोतंत बसली पाहिजेत. सरस्वतीबाईंचं नाव ‘साथ देणारी पत्नी’ या दोन-तीन शब्दांत उरकलं जातं. त्या अंधारातल्या कामाला तंत्रज्ञाचंच काम म्हटलं पाहिजे.

काड्यांकडून बाहुल्यांकडे गेलं की कलेचं शरीरच बदलतं. नगरजवळच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या पोटात काथ्या असतो आणि हातात तार. स्टॉप मोशनच्या बाहुलीतही सांगाडा असतो, फक्त तो वाकला पाहिजे आणि जिथे वाकवला तिथेच राहिला पाहिजे. स्वस्तातला सांगाडा म्हणजे पिळलेली ॲल्युमिनियमची तार. शंभर वेळा वाकली की ती तुटते, आणि नेमकी दृश्याच्या मधोमध तुटते. महागातला पोलादी असतो. खांद्याला आणि कमरेला उखळीचा सांधा, कोपराला आणि गुडघ्याला बिजागरीचा, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात होते तेच. प्रत्येक सांध्याचा स्क्रू इतकाच आवळायचा की हात सहज फिरावा, पण स्वतःच्या वजनाने खाली येऊ नये. त्यावर सिलिकॉन, फोम किंवा तेलकट माती. शाडू इथे चालत नाही, कारण ती वाळते आणि तडकते. न वाळणारी माती लागते, पण ती दिव्यांच्या उष्णतेने मऊ पडते आणि प्रत्येक स्पर्शाचा ठसा धरून ठेवते. चालणाऱ्या बाहुलीचा एक पाय नेहमी हवेत असतो, म्हणून दुसऱ्याच्या तळव्यात खालून स्क्रू घालून ती जमिनीला घट्ट धरायची. दर पावलाला स्क्रू काढायचा आणि पुढच्या भोकात बसवायचा.

सगळ्यात अवघड असतं बोलणं. आवाज आधी ध्वनिमुद्रित करतात आणि तक्त्यावर प्रत्येक चित्रासमोर कोणता उच्चार येतो ते लिहून काढतात. हे समजून घेताना मला आपल्या वर्णमालेचा अभिमान वाटला, कारण ती तोंडातल्या जागांनुसारच लावलेली आहे. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य, म्हणून तिथे ओठ मिटलेच पाहिजेत. ‘व’ला खालचा ओठ दातांकडे जातो. ‘आ’ उघडा, ‘ई’ ताणलेला, ‘ऊ’ आणि ‘ओ’ गोल. क आणि ट आतल्या आत होतात, त्यांना वेगळं तोंड नको. ‘मामा’ म्हणायचं तर मिटलेलं, उघडं, मिटलेलं, उघडं, बस. मिटलेल्या ओठांचं चित्र चुकलं की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण बाहुली खोटी वाटते. मराठी बाराखडी येणाऱ्या कुणालाही हा तक्ता अर्ध्या तासात शिकवता येईल. काही स्टुडिओ तोंड वळवण्याऐवजी बदलतात. १९९३ च्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’मधल्या जॅकला चारशेच्या आसपास डोकी होती. २००९ च्या ‘कोरलाइन’साठी लायका स्टुडिओने चेहरे त्रिमितीय छपाई यंत्रावर काढले. साच्यातून मूर्ती काढणाऱ्याला यात परकं काही वाटणार नाही.

आता संगणकाच्या पडद्यावर मागचं चित्र पुसटसं दिसतं, त्यामुळे हात किती सरकला ते मोजता येतं. आधार देणाऱ्या तारा नंतर पुसता येतात. तरीही काम पुढच्या दिशेनेच चालतं. पन्नासाव्या चित्राला बाहुली पडली तर एकोणपन्नासाव्या जागी ती हुबेहूब उभी करणं जवळजवळ अशक्य. मोठ्या चित्रपटातही एका माणसाच्या दिवसभराच्या कामातून पडद्यावर दोन-तीन सेकंदच येतात.

मुंबईत सुरेश एरियट यांच्या ईकसॉरस स्टुडिओने ‘टोकरी’ हा साधारण चौदा मिनिटांचा मातीचा चित्रपट केला, त्याला आठेक वर्षं लागली. आपल्या वडिलांचं जपलेलं घड्याळ हातून बिघडलेली मुलगी ते दुरुस्त करण्यासाठी मुंबईच्या रस्त्यावर टोपल्या विकते, एवढीच गोष्ट. ६५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाचा गौरव झाला. त्यातले मुंबईचे रस्ते टेबलावर बांधलेले आहेत, पण त्यांवरची धूळ मुंबईचीच वाटते. जाहिरातींच्या मिळकतीवर उभ्या असलेल्या स्टुडिओने आठ वर्षं अशा गोष्टीला द्यावीत हे मला फार मोठं वाटतं. मराठी बोलणारी मोठी मातीची फिल्म मात्र अजून व्हायची आहे. ज्या भाषेच्या माणसाने वाटाण्याचा अंकुर आणि आगकाड्या पडद्यावर हलवल्या, तिला ती लवकर मिळावी अशी माझी तळमळ आहे.

हात चित्रात नसतो असं मी वर म्हटलं, पण ते पूर्ण खरं नाही. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये विलिस ओब्रायनच्या बाहुलीचे केस सतत वाऱ्याने हलल्यासारखे दिसतात. वारा नव्हता. दर चित्राच्या आधी तिला धरणाऱ्या बोटांनी केस दबले जात. वॉलेस आणि ग्रोमिट यांच्या गालांवरही अंगठ्याच्या रेषा दिसतात. निर्जीव वस्तू चालण्याचं नवल मात्र आमच्याकडे जुनं. इथेच, नगर जिल्ह्यात, ज्ञानेश्वरांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. त्यांनी भिंत चालवल्याची गोष्ट आम्ही आजीकडून ऐकली. १९४० च्या प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झाले ते शाहू मोडक, जन्माने नगरचे. पडद्यावर भिंत चालताना पाहून हात जोडणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. काडी चालताना पाहून भाची ओरडली तेव्हा मला तीच माणसं आठवली, जरी ती काडी तिनेच सरकवलेली होती.

दुसऱ्या दिवशी पुढचं दृश्य करायला बसलो आणि काड्या मोजल्या, तर अकरा. रात्री दिवे गेले तेव्हा आईने पाटावरचीच एक काडी ओढून देवापुढची समई लावली होती. पेटीतली नवीन काडी घेतली तर तिचं गुल थोडं मोठं आणि जास्त लाल होतं, ते चित्रात लगेच कळलं असतं. मग भाचीने गोष्टच बदलली. सदतिसाव्या चित्रापासून अकरा काड्या बाराव्या काडीला शोधायला निघतात.