उंच टांगलेल्या घड्यातील पाणी

घडा उंच टांगलेला, तोंड बंद, तरी आत गोड पाणी. हे नारळाचे कोडे आपण सर्वांनी बालपणी ऐकले आहे. मुळांनी शोषलेले पाणी देठातील वाहिन्यांतून फळात पोहोचते. तेथील भ्रूणपोष, म्हणजे अंकुराचा शिधा, आरंभी पेशीभित्तिकांविना वाढतो, म्हणून द्रवरूप राहतो. पुढे कडेने पेशी बनून खोबरे धरते. या पाण्यात पोटॅशियम विपुल, सोडियम मात्र अल्प असते. जलसंजीवनीत लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असते. म्हणून तीव्र अतिसारात शहाळे तिची जागा घेऊ शकत नाही. मूत्रपिंडे निकामी होत असल्यास तर साठणारे पोटॅशियम हृदयाची गती बिघडवते. आजाऱ्याच्या भेटीस शहाळे नेण्याची रीत मलाही प्रिय आहे. मात्र त्याच्या मूत्रपिंडांची चौकशी आधी करावी, एवढीच माझी विनंती.