एअर सस्पेन्शन आणि हायड्रॉलिक सस्पेन्शन

एअर सस्पेन्शन आणि हायड्रॉलिक सस्पेन्शन या मोटारीचा भार पेलण्याच्या व तिची जमिनीपासूनची उंची बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत हे काम दाबलेली हवा करते, तर दुसरीत दाबाखालील तेल. दोन्हींनी गाडी खाली-वर करता येत असल्याने त्या परस्परांना पर्याय मानल्या जातात. मात्र रोजच्या वापरातील गाडीसाठी निवड करताना उंचीपेक्षा, रस्त्याचा धक्का प्रत्यक्षात कोणता घटक शोषून घेतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

कार्यतत्त्व

वायू दाबला जातो. तेल व्यवहारतः दाबले जात नाही. एअर सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाकापाशी रबर व धाग्यांच्या थरांचा फुगा असतो आणि त्यातील हवा हीच स्प्रिंग असते. गाडीत माणसे व सामान वाढले की विजेवर चालणारा कंप्रेसर फुग्यात आणखी हवा भरतो आणि उंची पूर्ववत होते. हवेचा दाब भाराच्या प्रमाणात वाढल्याने स्प्रिंगचा ताठरपणाही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांच्या हेलकाव्यात फारसा फरक जाणवत नाही.

तेलाला असा लवचीकपणा नसल्याने हायड्रॉलिक रचनेत स्प्रिंगचे काम दुसऱ्या घटकाकडे सोपवावे लागते. हा घटक कोणता, यावर सगळे अवलंबून आहे. ‘हायड्रॉलिक गाडी दणके देते’ हा सरसकट समज म्हणूनच अर्धाच खरा आहे.

दोन हायड्रॉलिक परंपरा

फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल माजेस यांनी विकसित केलेली हायड्रोन्यूमॅटिक रचना १९५४ मध्ये प्रथम एका गाडीच्या मागील चाकांना आणि १९५५ मध्ये ‘डीएस’ या गाडीच्या चारही चाकांना बसवण्यात आली. तीत प्रत्येक चाकाशी धातूचा एक गोल जोडलेला असतो. गोलात रबरी पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन व दुसऱ्या बाजूला तेल असते. धक्का नायट्रोजन शोषतो. तेल तो धक्का त्याच्यापर्यंत पोहोचवते आणि उंची राखते. येथे वायूचे प्रमाण कायम असल्याने भार वाढला की वायू आकुंचन पावतो आणि सस्पेन्शन भारापेक्षा अधिक वेगाने ताठ होते. तरीही डीएसच्या मऊ चालीची ख्याती आजही टिकून आहे. या कंपनीच्या अशा सस्पेन्शनच्या गाड्यांचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले.

दुसरी परंपरा अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची. चाकाच्या रिमपेक्षा गाडीचा भाग खाली असू नये, असा नियम तेथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस लागू झाला. मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या ‘लोरायडर’ गाड्यांना त्याची झळ बसली. त्यावर रॉन अगिरे यांनी १९५९ च्या सुमारास विमानांसाठीचे जुने हायड्रॉलिक भाग आपल्या कॉर्व्हेटला जोडले, जेणेकरून पोलीस दिसताच गाडी उचलता यावी. (हा नियम २०२४ पासून रद्द झाला आहे.) या रचनेत डिकीतील अनेक बॅटऱ्यांवर चालणारे पंप सिलिंडरमध्ये तेल ढकलतात आणि गाडी क्षणार्धात उचलली जाते. धक्का शोषण्यासाठी मात्र बहुधा आखूड केलेली स्प्रिंगच उरते. नायट्रोजनचा संचायक जोडल्यास चाल सुधारते, परंतु उड्या मारण्याचा जोर घटतो. म्हणून प्रदर्शनासाठीच्या गाड्यांत तो सहसा टाळला जातो.

दैनंदिन वापर

नव्याने बदल करून घ्यायच्या गाडीसाठी सामान्यतः एअर सस्पेन्शन सोयीचे ठरते. त्याचे कार्यद्रव्य वातावरणातूनच मिळते, गळती झाली तरी काही सांडत नाही आणि बॅटऱ्यांचे ओझेही वाहावे लागत नाही. मात्र ते बिनत्रासाचे नाही. कॅडिलॅकने १९५७ मध्ये ‘एल्डोराडो ब्रूम’ला एअर सस्पेन्शन दिले होते, पण गळतीला कंटाळून अनेक मालकांनी साध्या स्प्रिंग बसवून घेतल्या. आजही बिघाडाचा क्रम बहुधा तोच असतो. फुग्याच्या घडीवर भेगा पडतात, गाडी रात्रभरात एका कोपऱ्याला बसते, कमी पडलेली हवा भरून काढण्यासाठी कंप्रेसर सतत चालतो आणि शेवटी जळतो. म्हणजे स्वस्त फुग्याकडे केलेले दुर्लक्ष महाग कंप्रेसर घेऊन जाते. हवेतील ओलावा हा दुसरा शत्रू होय. तो शोषणारा घटक निकामी झाल्यास झडपा गंजतात आणि कडाक्याच्या थंडीत गोठतात.

सित्रोएनच्या रचनेत तेलाचा दाब सुमारे १७० बारपर्यंत जातो. गोलातील नायट्रोजन पडद्यातून हळूहळू निसटतो आणि चाल कडक होत जाते. तेव्हा गोल पुन्हा भरावा किंवा बदलावा लागतो. जुने तेल ओलावा शोषून घेई, म्हणून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवे खनिज तेल आले. दोहोंची अदलाबदल केल्यास रबरी सील खराब होतात. डीएसमध्ये ब्रेक आणि स्टिअरिंगही याच तेलावर चालत असल्याने गळती हा केवळ आरामाचा प्रश्न राहत नाही.

उच्च दाबाच्या नळीतील बारीक छिद्रातून उडणारी तेलाची धार त्वचा भेदू शकते, म्हणून गळती हाताने चाचपू नये. केवळ हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या गाडीखाली, लोखंडी स्टँड लावल्याविना, कधीही शिरू नये.

भारतातील स्थिती

महाराष्ट्रातील अनेक प्रवाशांना एअर सस्पेन्शनचा अनुभव ‘शिवनेरी’सारख्या व्होल्व्हो बसमधून आला. खासगी गाडीत मागाहून बदल करताना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आड येते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल त्यानुसार करता येत नाही. रिकाम्या गाडीचे वजन हाही त्यातील एक तपशील असल्याने, बॅटऱ्या व पंप वाहणारी रचना येथे अधिक अडचणीची ठरते. कारखान्यातूनच एअर सस्पेन्शनसह आलेल्या गाडीला ही अडचण येत नाही.